भिंत न घातल्याबद्दल आभार

कै. मंचेरजी एदलजी जोशी यांस,
सा. न. वि. वि.

पत्राला पस्तीस वर्षं उशीर झालाय, त्याबद्दल आधी माफी. खरं सांगायचं तर ज्यांचे आभार मानायचे त्यांचं नावच मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. तुम्ही वसवलेल्या दादरच्या पारशी कॉलनीतल्या बागेला आम्ही म्हणायचो 'फाइव्ह गार्डन'. आजही टॅक्सीवाल्याला 'मंचेरजी जोशी पंच उद्यान' सांगून बघा, तो आधी मान वळवून तुमच्याकडे बघेल. फाइव्ह गार्डन म्हटलं की मुकाट मीटर टाकतो. परवा लेकीला तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाली, "पारशी? मग जोशी कसे?" मीही आधी तिथेच अडखळलो होतो.

मी नायगावच्या बीडीडी चाळीतला. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही सात जण. वडील गिरणीत, बहुतेक रात्रपाळीला. सकाळी ते येऊन झोपले की घरात भांडंही वाजवायचं नाही, मग मोठ्यानं पाठांतर कुठलं? आई दप्तर हातात देऊन म्हणायची, "जा बागेत." दहावीचं अख्खं वर्ष मी असा घराबाहेर काढला गेलो आणि चालत तुमच्याकडे आलो.

तुमच्याकडे म्हणजे थेट पारशी कॉलनीत. मुंबईतल्या बाकी पारशी 'बागा', म्हणजे त्यांच्या वसाहती, मी पुढे नोकरीच्या निमित्तानं बाहेरून पाहिल्या. भिंत, फाटक, फाटकावर वॉचमन. आपण आपले पुढे सरकायचं. दादरच्या कॉलनीला मात्र भिंतच नाही. चालता चालता रस्ता कधी तुमचा झाला तेही कळायचं नाही. कळायचं ते सावलीवरून.

१८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला, दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, शहराची दाटी फोडायला दादर-माटुंग्याची योजना आखली गेली, हे सगळं मी नंतर वाचलं. तुम्ही इंजिनिअर. ट्रस्टला पटवून बेताच्या कमाईच्या पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतलेत. ती तुमच्या समाजाची गोष्ट, तिच्यासाठी तुमच्या लोकांनी तुमचा पुतळा उभारलाच आहे. माझा हिशेब त्या प्लॉटांच्या बाहेरचा आहे. कुठल्या रस्त्याला कुठलं झाड लावायचं इथपर्यंत तुम्ही ठरवलंत. जाम-ए-जमशेद रोडला अशोक, फिरदौसी रोडला महोगनी. लावताना ती हातभर रोपं असणार. त्यांच्या सावलीत आपण बसणार नाही हे कळायला इंजिनिअरही असावं लागत नाही.

महोगनीचं एक सांगतो. फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर, तिची लाकडी बोंडं वर झाडावरच तडकतात आणि आतलं पंखवालं बी भिंगरीसारखं गरगरत खाली येतं. एक बी सरळ माझ्या वहीत पडलं होतं, त्रिकोणाच्या समरूपतेच्या प्रमेयावर. मी ते तिथेच ठेवून वही मिटली. वही पुढे रद्दीत गेली, त्याचं अजून वाईट वाटतं.

बागेत आम्ही एकटे नसायचो. परळ, वडाळा, नायगाव, सगळीकडची पोरं. बाकं भरलेली असली की झाडाच्या आळ्याशी बसायचं. पलीकडे व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज, तिथली मोठी मुलं ड्रॉइंगच्या लांबलचक नळ्या खांद्याला लावून जायची. त्यांच्याकडे बघून पोटात गोळा यायचा आणि अभ्यासही व्हायचा. सहा वाजले की पारशी म्हातारे-म्हाताऱ्या फिरायला यायच्या. एक आजी रोज आमच्यापाशी थांबायच्या, "वाच वाच, मोठ्याने वाच," म्हणून पुढे जायच्या. कुणाचा पोरगा, कुठून आलास, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. वर्षभरात एकदाही. ज्या वयात कुठल्याही चांगल्या जागी पाऊल टाकताना 'आपल्याला हाकलतील' असंच वाटतं, त्या वयात हे फार मोठं होतं. घरी मोठ्यानं वाचलं तर वडील उठायचे, इथे मोठ्यानं वाच म्हणून आग्रह.

बागेला तुमचं नाव दिलं ते योग्यच केलं. फक्त ते कुणाच्या तोंडी बसलं नाही, त्यात आमचाही दोष आहे. आता मी लेकीला मुद्दाम पूर्ण नाव घ्यायला लावतो. ती कंटाळते, पण घेते.

कळावे,
आपला,
नायगावचा एक जुना रहिवासी

ता. क. भूमितीत ७५ पैकी ६३ पडले. समरूपतेचं प्रमेय आलं होतं.