दाखला कशाला लागला, ते सांगतो

भोसरी, पुणे
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. आई व आण्णा यांस,
शि. सा. नमस्कार.

आण्णा, हे पत्र ताईच्या पोरीला वाचायला लावा. मध्येच "बरं बरं, कळलं" म्हणून उठू नका, शेवटपर्यंत ऐका. फोनवर सांगणार होतो. पण फोनवर तुम्ही दोन वाक्यं झाली की "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होता आणि आई जेवलास का इथपासून सुरू करते. त्यात माझं सांगायचं राहूनच जातं.

गौरीला आलो तेव्हा आईकडून ट्रंकेतला शाळा सोडल्याचा दाखला मागून घेतला. तुम्ही ओट्यावरून विचारलंत, "आता कशाला?" मी काम आहे म्हणालो आणि विषय वाढवला नाही, कारण तेव्हा फॉर्म घेतील की नाही हेच पक्कं नव्हतं. आता घेतलाय. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मी दहावीला बसतोय. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून.

सतरा नंबर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पारावर कुणीतरी भलतंच सांगेल. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी पुणे बोर्डाची ही जुनी सोय आहे. किमान पाचवी पास असलं की खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीचा अर्ज करता येतो. अर्ज मोबाईलवरच भरायचा, यादीतली एक शाळा निवडायची, मग छापील अर्ज आणि मूळ दाखला तिथं नेऊन द्यायचा. तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे मार्क ती शाळा देते. पेपर मात्र तोच, रोज वर्गात बसणाऱ्या पोरांना असतो तो. म्हणून म्हणतो, ही काही "सोपी दहावी" नाही. धाकटे काका तसं म्हणतील, त्यांना हे वाचून दाखवा.

दाखल्यावर माझी जन्मतारीख 1 जून आहे. शाळेतल्या क्लार्कबाईंनी ती बघितली आणि हसल्या. म्हणाल्या, तुमच्या भागातली सगळी माणसं एकाच दिवशी जन्माला येतात का? मी म्हटलं, गुरुजींनी लावली ती खरी. आई अजून बेंदराच्या आदल्या दिवसावर ठाम आहे. पण आधारवरही 1 जूनच असल्यामुळे काम अडलं नाही. बाईंनी आधी मला पालक समजून बाकावर बसवलं होतं, हेही सांगून टाकतो. आईला हसायला बरं.

आता तुमच्या "कशाला"कडे येतो.

पहिलं कारण तुम्हाला माहीत आहे. कंपनीत डिप्लोमाची पोरं येतात. पहिले सहा महिने ती माझ्या हाताखाली असतात, ड्रॉइंग कसं वाचायचं, जॉब म्हणजे घडवायचा तुकडा मशीनवर कसा बांधायचा हे माझ्याकडून शिकतात आणि मग वर जातात. मला त्यांचा राग नाही, पोरं चांगली आहेत, दिवाळीला मिठाई आणून देतात. पण सुपरवायझरच्या जागेसाठी कमीत कमी दहावी लागते आणि माझ्या कागदांत ती ओळ रिकामी आहे. पास झालो म्हणजे जागा मिळेलच, असं साहेबांनी कबूल केलेलं नाही. तेव्हा कुणाला आधीच पेढे सांगू नका.

दुसरं कारण मला स्वतःलाच उशिरा कळलं. आमच्या टूल रूममध्ये साइन बार नावाची एक पट्टी असते. पोलादी, घासून आरशासारखी केलेली, खाली दोन टोकांना दोन रूळ. दोन रुळांमधलं अंतर बरोबर 200 मिलिमीटर. जॉब तिरका बांधायचा असेल तर एका रुळाखाली मापाच्या पोलादी चिपा ठेवून ते टोक उचलायचं. 30 अंश हवे असतील तर 100 मिलिमीटर. 20 अंश हवे असतील तर 68.4. हे आकडे कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या तक्त्यात असतात. इतकी वर्षं मी तक्ता बघायचो, चिपा लावायचो, काम बिनचूक व्हायचं. 30 ला 100 च का, हे विचारावंसं कधी वाटलं नाही. खरं तर वाटायचं, पण विचारायची लाज वाटायची.

भूमितीच्या पुस्तकात सहावं प्रकरण आहे त्रिकोणमिती. काटकोन त्रिकोण, समोरची बाजू भागिले कर्ण, त्याला साइन म्हणतात. 30 अंशाचं साइन एक छेद दोन. म्हणजे कर्ण 200 असेल तर समोरची बाजू 100. आण्णा, मी ते वाचलं तेव्हा रात्रपाळीहून आलो होतो, डोळे मिटत होते, तरी उठून बसलो. ती पट्टी म्हणजेच कर्ण! नावातच साइन होतं आणि मला ते कुण्या गोऱ्या साहेबाचं नाव वाटायचं. दुसऱ्या दिवशी तक्त्यातले चार-पाच आकडे मी मोबाईलवर ताडून बघितले. सगळे जुळले. तक्ता बरोबर आहे हे मला आधीही माहीत होतं, पण आता तो हरवला तरी माझं अडत नाही.

म्हणून मुक्त विद्यालयाचा रस्ता घेतला नाही. तिथं केंद्र सरकारच्या बोर्डाची परीक्षा असते, मराठीतूनही देता येते, पाच विषय आपल्या आवडीचे निवडायचे आणि पाच वर्षांत नऊ वेळा बसायची मुभा. कामगार माणसासाठी ती सोय खरंच चांगली आहे. लाईनवरच्या एकाने तिथूनच केली, गणित न घेता. मलाही त्याने तेच सांगितलं. पण गणित टाळून पास झालो तर माझ्या मनाला ते पटणार नाही. रात्रशाळेचंही बघितलं. तिथं रोज संध्याकाळी हजर राहावं लागतं आणि माझी पाळी दर आठवड्याला बदलते. ते जमण्यातलं नव्हतं.

आता जे बोलायचं मी टाळत होतो ते बोलतो. कुणी पाहुणा आला आणि माझा विषय निघाला की तुम्ही म्हणता, "हुशार होता, आम्हीच शिकवू शकलो नाही." मागच्या वर्षी पंगतीत म्हणालात. गौरीला परत म्हणालात. कर्मवीर भाऊरावांची गोष्ट तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगत आलात, की लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. आणि मग स्वतःलाच टोचून घेता, "त्यांनी पोरांसाठी मोडलं, आम्ही जनावरांसाठी मोडलं."

आण्णा, हे आता बंद करा.

2003 च्या दुष्काळात आपल्या माण तालुक्यात काय होतं ते मी बघितलंय. मी पंधरा वर्षांचा होतो, कुकुलं बाळ नव्हतो. विहिरीचा तळ दिसत होता. छावणी उघडायच्या आधी कडब्याची पेंढी मिळेल त्या भावाने घ्यावी लागत होती आणि त्यासाठी आईचं डोरलं पतपेढीत गेलं. खिल्लार जोडी गेली असती तर पुढच्या वर्षी पाऊस पडूनही पेरणी कशाने केली असती? पुढं छावणीत तुम्ही दोघं जनावरांपाशी राहिलात, ऊस तोडून घालत होतात, आणि ताईचं लग्न तोंडावर होतं. दहावीची सहामाही झाली आणि मामा म्हणाले, भोसरीला पोरगा लावून देतो. तुम्ही मला "जा" म्हणाला नाहीत. मीच पिशवी भरली. माझा पहिला पगार आला त्या महिन्यात घरात टँकरच्या पाण्याचे आणि किराण्याचे पैसे होते. जोडी जगली म्हणून शेत राहिलं, शेत राहिलं म्हणून मी इथं भाड्याच्या खोलीत राहूनही गावाकडे बघून निवांत झोपलो. आता मी दहावीला बसतोय ते तुमचं काही राहिलं होतं ते फेडायला म्हणून नाही. मला शिकायचंय. तुमच्या नावावर त्यातली काही उधारी नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर कंपनीच्या बसमध्ये पाऊण तास जातो, तो माझा. पुस्तकं बालभारतीच्या वेबसाइटवर फुकट आहेत, मोबाईलवर उतरवून घेतली. गणिताचं मात्र छापील घेतलं, मोबाईलवर गणित होत नाही. बीजगणितात अर्थनियोजन नावाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड. पंधरा वर्षांच्या पोरांना ते कसं कळत असेल देव जाणे. मला बिलांवर रोज दिसतं, 18 टक्के म्हणजे 9 केंद्राचे, 9 राज्याचे. विज्ञानात विजेचं प्रकरण हाताखालचं निघालं, कार्बनी संयुगांनी मात्र घाम फोडला. इंग्रजीचं विचारू नका. तुमची नात माझा निबंध तपासते आणि लाल पेनने रेघा मारते, तेवढ्यापुरती तिची चंगळ आहे. सूनबाई म्हणतात, घरात दोन विद्यार्थी झाले आणि डबे करणारी एकटीच राहिली. त्यात खोटं काही नाही. रविवारची भांडी आता माझ्याकडे आहेत.

इतिहासात मला महाराजांच्या लढाया येतील असं वाटलं होतं. तसं काही नाही. इतिहास लिहितात कसा, जुन्या वस्तू जपतात कशा, असलं सगळं. माझी थोडी निराशाच झाली. पण भूगोल तुम्ही ऐकाच. अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोनच देशांवर आहे. ब्राझीलमध्ये ईशान्येला डोंगराच्या आड एक भाग येतो, तिथं पाऊस पोचतच नाही. त्याला म्हणतात अवर्षण चतुष्कोन. डोंगराच्या त्या अंगाला पाऊस, या अंगाला नुसता वारा. महाबळेश्वरला कोसळतो आणि आपल्याकडे येईस्तोवर ढग रिकामे होतात, तेच हे. पर्जन्यछाया म्हणतात त्याला. म्हणजे माण तालुक्यासारखी नशीबं जगाच्या दुसऱ्या टोकालाही आहेत. तिथंही कुणीतरी आण्णा आभाळाकडे बघून शिव्या घालत असतील.

दर रविवारी आम्हा सतरा नंबरवाल्यांना एक सर फुकट शिकवतात. वर्गात एक पार्लरवाली ताई आहे, एक रिक्षावाला, नववीत नापास झालेली दोन पोरं आणि एक सुरक्षारक्षक, माझ्याहून वयाने मोठे. पोरं आम्हाला काका म्हणतात आणि गणित अडलं की माझ्याकडेच येतात. मला आवडतं ते.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. यंदा मी ज्वारीच्या काढणीला येऊ शकत नाही. काढणी आणि पेपर एकाच वेळी येतात. पेपर सकाळी अकराला असतात, साहेबांनी ते दिवस दुसरी पाळी द्यायचं कबूल केलंय, आणि उरलेली रजा मी शेवटच्या अभ्यासासाठी धरून ठेवलीय. दरवर्षी मी आलो की तुम्ही कंबर धरून का होईना माझ्या बरोबरीने पातीला लागता. यंदा ते करायचं नाही. काढणी उक्ती देऊन टाका, पैसे मी माघातच पाठवतो. दर महिन्याचे वेगळे, हे वेगळे. फॉर्मची फी काही फार नाही, त्याने माझ्या खिशाला भोक पडलेलं नाही.

नापास झालो तर? विचारणार तुम्ही, म्हणून आधीच सांगतो. 35 मार्कांना पास. एखादा विषय राहिला तर पावसाळ्यात पुरवणी परीक्षा असते, त्यात परत बसेन. निकाल बहुतेक मे महिन्यात लागतो. पेपर संपले की चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला मी येतोयच, कावडीबरोबर मुंगी घाटाने चढायचं ठरलंय, ताईच्या मालकांना सांगून ठेवा.

आई, तुझ्यासाठी एक. शाळेतले गुरुजी साक्षरतेच्या यादीसाठी दारात आले तेव्हा तू गोठ्यामागे जाऊन बसलीस, हे मला ताईच्या पोरीने सांगितलं. "मसणात गोवऱ्या गेल्या, आता काय शिकायचं" म्हणालीस म्हणे. उल्लास नावाची योजना आहे ती. परीक्षेत वाचणं, लिहिणं आणि हिशेब एवढंच असतं, तीही आपल्याच शाळेत होते. हिशेबात तर तू गुरुजींना ऐकायची नाहीस, दूधवाल्याचा पंधरवडा तू बोटांवर करतेस. बळजबरी नाही. पण पुढच्या वेळी ते आले तर निदान चहा पाजून त्यांचं ऐकून घे.

डोळ्यांचे थेंब संपत आले असतील, बसस्टँडजवळच्या दुकानात चिठ्ठी दाखवा, फोटो मी ताईच्या मोबाईलवर टाकलाय. पेरणी उरकली का, ओल कितपत आहे ते कळवा. आणि काढणीच्या माणसांना आत्ताच सांगून ठेवा, माघात सगळे ऊसतोडीला गेलेले असतात, ऐनवेळी कुणी मिळत नाही.

तुमचा,
बाळू