‘ठीक आहे’ या उत्तरावर न थांबलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

नौपाड्यातील तुमच्या मानसोपचार केंद्रात माझे उपचार पूर्ण होऊन तीन महिने झाले. हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण माझ्यासारखी ‘खंबीर’ माणसे ठाण्यात घरोघरी आहेत.

वडील गेले तेव्हा मी रडलो नाही. तेरावे उरकून दुसऱ्याच दिवशी वागळे इस्टेटमध्ये कामावर हजर झालो आणि नातेवाइकांनी त्याचे कौतुक केले. पुढे दोन वर्षे छाती जड होत राहिली, ईसीजी मात्र प्रत्येक वेळी निर्दोष येत राहिला. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी तीन तास, असे आठ आठवडे उपचारांना यायला सांगितलेत, तेव्हा दाखल व्हावे लागणार नाही एवढाच मला दिलासा वाटला. रोज घरी परतण्याचे मोल नंतर उमगले: सोमवारी रुग्णांच्या गटात जे शिकावे त्याची कसोटी त्याच रात्री जेवणाच्या पानावर लागे, आणि बुधवारी तुम्ही त्याबद्दल विचारत असा.

‘वडील गेल्यावर काय वाटले?’ या तुमच्या प्रश्नावर मी म्हणालो होतो, ‘त्यांना लवकर रुग्णालयात न्यायला हवे होते.’ ‘हा विचार झाला. वाटले काय?’ मला उत्तर आले नाही. भावना जाणूनबुजून आवरणे निराळे आणि आपण काही दाबले आहे हेच न कळणे निराळे, हे तुम्ही तेव्हा समजावलेत. भावनांसाठी शब्दच न सापडण्याला मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निऑस यांनी 1970च्या दशकात ‘अॅलेक्सिथायमिया’ हे नाव दिले, हेही सांगितलेत. मग वही आली: घटना, ती शरीरात कुठे जाणवली, आणि तिसऱ्या रकान्यात भावनेचा शब्द. मी तिथे ‘ठीक’ लिहिले, की तुम्ही पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढत असा.

पाचव्या आठवड्यात त्या रकान्यात ‘राग’ उतरला, आणि तो वडिलांवर होता. छातीत दुखत असताना दोन दिवस ते आम्हाला ‘ठीक आहे’ म्हणत राहिले होते. गेलेल्या माणसावर रागावणे मला पाप वाटले, परंतु तुम्ही ते पान खोडू दिले नाहीत. त्या दिवशी मी गटात रडलो आणि कोणीही मला ‘शांत व्हा’ म्हटले नाही, याबद्दल तुमचे आणि त्या सर्वांचे आभार कसे मानावेत?

गेल्या आठवड्यात मुलीने विचारले, ‘बाबा, दिवस कसा गेला?’ मी म्हणालो, ‘साहेब सर्वांसमोर बोलले, फार वाईट वाटले.’ तिने टीव्ही बंद केला आणि ती माझ्याजवळ येऊन बसली.

आपला कृतज्ञ,
सोमवारच्या गटातील एक रुग्ण