विंडोज १०चा कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १०ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाली. कॉम्प्युटर मात्र दुसऱ्या दिवशीही नेहमीसारखाच सुरू झाला, त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांत, शाळांत, सोसायट्यांच्या ऑफिसांत कोणाला फारसा फरक जाणवला नाही. आता त्यातली निम्मी मंडळी 'विंडोज ११ याच्यावर चालत नाही' हे ऐकून चांगलं यंत्र मातीमोल भावात काढायला निघाली आहेत, आणि उरलेली तोच कॉम्प्युटर तसाच नेटला जोडून, सभासदांच्या पॅन-आधारच्या स्कॅनसकट वापरत आहेत. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी नेमकं काय करायचं आणि कुठे अडतं, हे लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच.

विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवलेलं यंत्र कामाला उत्तम असलं तरी या यादीत बसत नाही. 'रुफस' हे मोफत सॉफ्टवेअर वापरून ही तपासणी चुकवता येते, बरेच दुकानदार तेच करून देतात. पण अशा यंत्रांना पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव अपडेट्स जाहीर झाली होती. मात्र त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं जोडावं लागतं, आणि फुकट हवी असतील तर यंत्राच्या सेटिंग्ज त्या खात्यावर पाठवण्याला होकार द्यावा लागतो किंवा मायक्रोसॉफ्टचे रिवॉर्ड पॉइंट खर्चावे लागतात. म्हणजे पैसे नकोत तर माहिती द्या. ज्याला चालतं त्याने खुशाल घ्यावं, पण तो सौदा आहे हे समजून घ्यावं. विंडोज १०च्या होम आणि प्रो आवृत्तीत मायक्रोसॉफ्टकडे जाणारी निदान-माहिती कमी करता येते, पूर्ण बंद करण्याचं बटणच नाही.

पर्याय म्हणजे लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम, आणि सवय विंडोजची असेल तर त्यातलं लिनक्स मिंट. ते मोफत आहे, सोर्स कोड खुला आहे, खातं काढायला सांगत नाही आणि वापराची माहिती बनवणाऱ्यांकडे पाठवत नाही. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा असं ते सांगतात. व्यवहारात ४ जीबी धरावी. ४ जीबीच असेल तर 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्यावी, ८ असेल तर 'सिनॅमन'. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर मात्र आधी २५६ जीबीची एसएसडी बसवा. मंदपणाचं खापर लोक प्रोसेसरवर फोडतात. बहुतेक वेळा दोषी डिस्क असते.

आता सर्वांत महत्त्वाचा टप्पा, म्हणजे जुना डेटा बाहेर काढणं. गडबड होते ती इथेच. विंडोज अनेकदा 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' हे फोल्डर गुपचूप वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात हलवतं. फाइलच्या नावाशेजारी ढगाचं चित्र दिसत असेल तर ती फाइल यंत्रावर नाहीच, फक्त नाव आहे. असं फोल्डर आधी पूर्ण डाउनलोड करून घ्यावं (राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस') आणि मगच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावं. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असू द्या, कारण फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि नेमका आउटलुकचा मेलचा गठ्ठा किंवा वार्षिक सभेचा व्हिडिओ राहून जातो. कॉपी झाल्यावर दहा-वीस फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड वेगळे निर्यात करावे लागतात. पासवर्डची ती फाइल साध्या मजकुरात असते, काम झाल्यावर लगेच पुसावी.

दुसरी गाठ बिटलॉकरची, म्हणजे चावीशिवाय डिस्क वाचू न देणाऱ्या विंडोजच्या कुलपाची. काही लॅपटॉपमध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेलं असतं आणि तिची ४८ आकडी चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. खातं कोणाचं? संस्थेच्या यंत्राच्या बाबतीत पुष्कळदा ज्याने पहिल्या दिवशी कॉम्प्युटर सुरू करून दिला त्याचं. तो माणूस केव्हाच दुकान बदलून गेलेला असतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ व्यवस्थेत) एखादी सेटिंग बदलली की पडद्यावर निळी पाटी येते, चावी मागते, आणि दोन पिढ्यांचं दप्तर त्या एका पाटीमागे अडकतं. म्हणून काहीही करण्याआधी, विंडोज चालू असतानाच, एन्क्रिप्शन सुरू आहे का ते बघा. असेल तर चावी कागदावर उतरवून घ्या किंवा ते बंद करून पूर्ण उकलू द्या.

यानंतरचं काम तासाभराचं. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे एका फाइलमध्ये बांधलेली संपूर्ण सिस्टीम, साधारण ३ जीबीची असते. ती त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावी आणि तिथे दिलेल्या एसएचए-२५६ आकड्याशी (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारी खूण) ताडून पाहावी. रुफस किंवा तशाच 'एचर' या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती चढवायची; पेन ड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून यंत्र पूर्ण बंद करा, नाहीतर लिनक्समधून जुनं पार्टिशन फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. मग डेल, लेनोव्हो, एसर यांवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू करा. काहीही न बसवता मिंट तसंच चालतं. याच वेळी वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग चारही तपासून घ्या. वेगावरून मत बनवू नका, पेन ड्राइव्हवरून ते संथच चालणार.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर घाबरायचं कारण नाही. बायोसमध्ये स्टोरेज 'रेड' किंवा 'आरएसटी'वर असतं, ते 'एएचसीआय' केलं की डिस्क दिसते. (विंडोजही ठेवायचं असेल तर हे नुसतं बदलू नका, विंडोज सुरू होणार नाही.) वाय-फाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते, मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरा (टिदरिंग) आणि 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून ड्रायव्हर घ्या. 'इरेज डिस्क' निवडण्याआधी बॅकअपची बाहेरची डिस्क केबलसकट काढून टेबलाच्या खणात ठेवा. चुकीची डिस्क निवडून बॅकअपच पुसला जाणं ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. त्याच पडद्यावर 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स'मध्ये डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय आहे. ज्या यंत्रावर सभासदांची कागदपत्रं असतात तिथे तो घ्यावाच. हा पासवर्ड कोणत्याही कंपनीकडे जात नाही, त्यामुळे हरवला तर परत मिळवून देणाराही कोणी नाही. एक प्रत बंद पाकिटात सचिवांकडे, एक खजिनदारांकडे, हा जुना मार्ग इथे चोख चालतो.

मराठीचा प्रश्न सविस्तर सांगायला हवा, कारण 'लिनक्सवर मराठी नाही' ही अफवा अजून फिरते. युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीतली, मराठी तिथे व्यवस्थित आहे. इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड सेटिंग्जमध्ये तयार मिळतो, आणि रोमन अक्षरांवरून टाइप करणाऱ्यांसाठी आयबस या टायपिंगच्या सोयीत फोनेटिक पद्धत जोडता येते. मंगल, अपराजिता हे फाँट मायक्रोसॉफ्टचे असल्याने ते तिथे नसतात. त्यांच्या जागी नोटो किंवा मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता, बालू हे मुक्त परवान्याचे फाँट आहेत. फाँट बदलला की जुन्या पत्रांची पानं पुढेमागे सरकतात, एवढं सहन करावं लागतं. लेटरहेड एकदा नव्याने बसवून घ्या.

खरी अडचण युनिकोडपूर्व काळातल्या फाइल्सची. श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर टाइप केलेली इतिवृत्तं, स्मरणिका, पुस्तकं यांत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजीच्या जागांवर मराठीची चित्रं बसवलेली असतात. फाँट गेला की मजकूर गेला. ते सॉफ्टवेअर विंडोजवर, पुष्कळदा डोंगल (परवान्याची खूण म्हणून यंत्राला जोडायचा छोटा तुकडा) लावून चालतं. तेव्हा विंडोज पुसण्याआधी सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदललेलं डोळ्यांनी तपासा. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यायला हवी. जोडाक्षर आलं की साधे कन्व्हर्टर गोंधळतात: 'स्थिती'चं 'सि्थती' होतं, 'शक्ती' नीट येते पण 'शक्तिमान'चं 'शकि्तमान' होतं. अर्धा र तर दोन तऱ्हांनी येतो. 'दुसऱ्या'मधला आणि 'दुसर्‍या'मधला, दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण आतून वेगळे असल्याने एक शोधला की दुसरा सापडत नाही. 'फाइंड अँड रिप्लेस'ने सगळे एकाच तऱ्हेचे करून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे. आपण लिहिलेला मजकूर वाचायला आयुष्यभर एकाच कंपनीचं डोंगल लागावं, ही गोष्ट इतकी वर्षं आपण फारच शांतपणे चालवून घेतली.

प्रिंटरबाबत खरेदीआधीच चौकशी करा. एचपीचे बहुतेक लेझर प्रिंटर चालतात. १०२०सारख्या काही मॉडेलना मात्र दर वेळी सुरू होताना यंत्राकडून फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, त्यासाठी एचपीचं प्लगइन एकदा बसवावं लागतं. कॅनॉनचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे दर दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात दिसतो, तो 'कॅप्ट' नावाची स्वतःचीच भाषा बोलतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण जुना आणि हट्टी. अर्धा दिवस त्यात घालवण्यापेक्षा तो प्रिंटर विंडोजच्या यंत्रालाच ठेवावा.

आणि काहींनी लिनक्सच्या वाटेला जाऊच नये, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. ज्यांचं सगळं काम टॅलीवर चालतं, जे डिजिटल सहीचं टोकन लावून रोज विवरणपत्रं भरतात, ज्या केंद्रांवर आधारसाठी बोटांचे ठसे घेणारं यंत्र आहे, त्यांनी नवं विंडोज ११चं यंत्र घेणंच शहाणपणाचं. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण पोर्टलवर सही करून देणारी युटिलिटी बहुधा विंडोजवरच तपासलेली असते, आणि अखेरच्या तारखेला रात्री अकरा वाजता ते शोधत बसण्यात अर्थ नाही. संस्थेत चार कॉम्प्युटर असतील तर एक विंडोज ११चा, तीन मिंटचे, अशी विभागणी बरी पडते. पत्रव्यवहार, सभासद नोंदवही, पावत्या, वाचनालयाची पुस्तकयादी, बँकेचं आणि शासनाचं ब्राउझरमधलं बहुतेक काम, सगळं मिंटवर होतं. पत्रं आणि हिशेबांसाठीचं लिब्रेऑफिस त्यात आधीपासून असतं. शाळांच्या बाबतीत केरळकडे बघावं: तिथल्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं मुलं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकत आहेत.

मिंट बसवल्यावर सगळी माहिती आपोआप खाजगी होते असं मात्र नाही. क्रोममध्ये पूर्वीच्याच खात्याने लॉगिन केलं की पूर्वीइतकीच माहिती पूर्वीच्याच ठिकाणी जाते. सभासदांचे आधार व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवण्याची सवय कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम सोडवत नाही. जिथे आधारचा पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे यूआयडीएआय या आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळणारं, शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार मागा. मिंटमधलं 'टाइमशिफ्ट' लावून ठेवा, अपडेटने काही बिघडलं तर मागे जाता येतं. पण ते मुळात सिस्टीमच्या फाइल्स जपतं, तुमच्या नाही. कागदपत्रांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.

एक मागणी शासनाकडे. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं केंद्र सरकारचं धोरण २०१५ सालचं आहे. तरीही शाळा आणि ग्रामपंचायतींसाठीच्या खरेदीच्या निविदेत एका कंपनीच्या सिस्टीमचं नाव घातलं जात असेल तर त्याचं कारण विचारलं गेलं पाहिजे. निविदेत कामं लिहावीत, कंपन्या नव्हेत. आणि जिथे जिथे नागरिकांना अर्ज भरावे लागतात ती संकेतस्थळं लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्येही तपासून मगच सुरू करावीत.

ज्यांना यंत्र विकायचंच आहे त्यांच्यासाठी: 'क्विक फॉरमॅट'ने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, फाइल्स तिथेच असतात आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने परत येतात. फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण पुनर्लेखन करावं. एसएसडीला ते पुरत नाही, तिच्यासाठी बायोसमधला किंवा उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधला 'सिक्युअर इरेज' वापरावा. हे जमत नसेल तर दोन स्क्रू काढून डिस्क स्वतःकडे ठेवा आणि उरलेला डबा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

आपला,
एक वाचक, सांगली