जहाजाच्या वहीतली तारीख जशीच्या तशी उचलू नका

महोदय,

दोनशे वर्षांपूर्वीच्या मान्सूनवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या नोंदवह्यांकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधले गेले, हे चांगलेच झाले. पण लेखकाने एका जहाजाच्या वहीतली जूनमधली एक तारीख घेतली, ती आजच्या हवामान खात्याच्या तारखेशेजारी ठेवली आणि ‘पूर्वी मान्सून लवकर यायचा’ असा निकाल देऊन टाकला. इथे गडबड आहे. वहीतली नोंद आणि आजचा आकडा यांची तुलना करण्याआधी बरीच डागडुजी करावी लागते, आणि ती तारखेपासूनच सुरू होते.

शिडाच्या जहाजावर दिवस मध्यरात्री नव्हे, दुपारी बाराला बदलत असे. दुपारी सूर्याची उंची मोजून अक्षांश काढला की चोवीस तासांचा हिशेब पुरा होई. हा सागरी दिवस जमिनीवरच्या दिवसाच्या बारा तास पुढे चालायचा. म्हणजे वहीतले 10 जूनचे पान आपल्या 9 जूनच्या दुपारी उघडते. पानाच्या वरच्या अर्ध्यात दुपार, संध्याकाळ, रात्र. खालच्या अर्ध्यात पहाट आणि सकाळ. ‘10 जून, रात्री आठ, जोराचा वारा व पाऊस’ अशी नोंद असेल तर तो पाऊस 9 जूनचा. त्याच पानावरची ‘सकाळी आठ’ची नोंद मात्र 10 जूनचीच. ब्रिटिश नौदलाने ही रीत ऑक्टोबर 1805 मध्ये मोडली. कंपनीची जहाजे त्यानंतरही काही वर्षे जुन्याच रीतीने चालली. त्यात बंदरात नांगर पडला की वही जमिनीच्या दिवसावर येई. त्यामुळे बंदर सोडताना एक पान बाराच तासांचे आणि बंदरात शिरताना एक पान छत्तीस तासांचे सापडते. नवखा वाचक मधले पान गहाळ झाले असे समजतो आणि पुढच्या सगळ्या तारखा एकाने सरकवून बसतो.

वाऱ्याची दिशा होकायंत्राच्या 32 भागांत लिहिलेली असते, एक भाग सव्वाअकरा अंशांचा. ही दिशा चुंबकीय उत्तरेपासूनची असते. 1800च्या सुमारास मुंबईजवळ चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसे अंतर नव्हते, म्हणून कोकणासमोरच्या नोंदी थोड्याशा दुरुस्तीने चालतात. केप ऑफ गुड होपजवळ मात्र होकायंत्र सुमारे 25 अंश पश्चिमेकडे झुकत असे. तिथे ‘पश्चिम’ लिहिलेला वारा खरे तर पश्चिम-नैर्ऋत्येचा. ही दुरुस्ती करता येते तीही खलाशांच्याच कृपेने: सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी होकायंत्राचा फरक मोजून ते वहीत टाकत, आणि अशा नोंदींवरूनच 1590 ते 1990 या चारशे वर्षांचे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे प्रारूप उभे राहिले आहे.

वाऱ्याच्या जोराबाबत लेखकाने ‘गेल’ (जोराचा वारा) हा इंग्रजी शब्द दिसला की ‘वादळ’ लिहिले आहे. ब्रिटिश नौदल अधिकारी ब्यूफर्ट याने वाऱ्याच्या जोराची आपली मोजपट्टी 1806 मध्ये मांडली आणि ब्रिटिश नौदलाने ती 1838 मध्ये स्वीकारली. त्याआधी खलाशी एकसारख्या वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यालाही गेल म्हणून मोकळे होत. म्हणून नुसत्या शब्दावर न जाता शिडे किती होती ते पाहावे. ब्यूफर्टच्या पट्टीत टॉपसेल या वरच्या शिडाला दोन रीफ (शिड आखडायच्या दुमडी) म्हणजे जोर 7, तीन रीफ म्हणजे 8. पण हे माप पाठलागावर असलेल्या लढाऊ जहाजाचे. कंपनीची मालवाहू जहाजे संध्याकाळ झाली की सवयीनेच शिडे आखडून घेत. त्यावरून रात्री वारा वाढला असे मानणे फसवे. इंग्रजी, डच, स्पॅनिश आणि फ्रेंच वह्यांतल्या अशा शब्दांचा ब्यूफर्ट पट्टीशी मेळ घालणारा कोश 2003 मध्ये क्लायवॉक या युरोपीय प्रकल्पाने तयार केला आहे. हे काम करणाऱ्याने तो हाताशी ठेवावा.

जहाज नेमके होते कुठे, हाही प्रश्नच. वेग मोजायला दोरीला बांधलेली फळी पाण्यात सोडत आणि 28 सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी सुटल्या ते मोजत. दोन गाठींमधले अंतर 47 फूट 3 इंच. त्यावरून निघणारा वेग पाण्याच्या तुलनेतला. पाणीच दीड नॉटने (तासाला दीड सागरी मैल) सरकत असेल तर दिवसाला 36 सागरी मैलांची चूक, आणि पावसाळ्यात अरबी समुद्राचा प्रवाह काही स्वस्थ बसत नाही. क्रोनोमीटर (रेखांश काढायचे अचूक घड्याळ) नसलेल्या जहाजांचे रेखांश तर अनेकदा शेवटी दिसलेल्या जमिनीपासून मोजलेले असतात. नकाशावर जहाज डोंगरात चढलेले दिसले की ही चूक लगेच कळते. मग पुढचा किनारा दिसला त्या दिवशी किती फरक पडला ते पाहून तो मागच्या दिवसांवर वाटून द्यायचा.

सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त नासवला जाणारा आकडा बॅरोमीटरचा. 1789 ते 1834 या काळातल्या कंपनीच्या 891 वह्यांतून सुमारे 2,73,000 हवामान नोंदी उतरवून घेतल्या गेल्या आहेत. त्यांत दाब आणि तापमान दोन्ही आहेत. कोकणासमोर 18 अंश उत्तरेला पारा 29.80 इंच आणि शेजारी थर्मामीटर 84 अंश फॅरनहाइट अशी नोंद आहे असे धरू. इंचांचे आजच्या दाबाच्या एककात, हेक्टोपास्कलमध्ये, नुसते रूपांतर केले तर 1009 येतात. पण 84 अंशांना पारा फुगलेला असतो. त्यापोटी सुमारे 5 वजा. विषुववृत्ताकडे गुरुत्वाकर्षण थोडे कमी, म्हणून पाऱ्याचा तोच स्तंभ कमी दाब दाखवतो. त्यापोटी सुमारे 2 वजा. उरले 1002. सात हेक्टोपास्कलचा हा फरक कोकणात साधा दिवस आणि कमी दाबाचा पट्टा यांच्यातला फरक आहे. गंमत अशी, की थर्मामीटर बहुधा कप्तानाच्या केबिनमध्ये टांगलेला असे. हवेचे तापमान म्हणून तो आकडा बिनकामाचा; पण बॅरोमीटरही तिथेच लटकत असे, त्यामुळे पाऱ्याच्या दुरुस्तीला नेमका तोच हवा.

यंत्र ठीक होते की नाही, हेही वहीच सांगते. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. सकाळी दहा ते दुपारी चार हा फरक साधारण 3 हेक्टोपास्कल, म्हणजे इंचाचा दहावा भाग. जहाजाचा कप्तान जेम्स हॉर्सबर्ग याने ही दैनिक चढउतार समुद्रावर टिपली आणि त्याचा वृत्तान्त 1805 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. ज्या वहीत दिवसातून अनेकदा वाचन आहे पण ही लय कुठेच दिसत नाही, तिथे नळीत हवा शिरली असावी किंवा कोणी आदल्या दिवसाचा आकडाच गिरवला असावा. लय आहे पण सगळे आकडे सरसकट वर किंवा खाली आहेत, तर दोष यंत्राच्या शून्याचा. तेच जहाज विषुववृत्तालगत, जिथे दाब फारसा हलत नाही, तिथे काय दाखवत होते ते पाहून हा दोष काढता येतो.

आता मूळ मुद्दा. आजचे मान्सूनचे आगमन पावसावर ठरते. केरळसाठी 10 मेनंतर ठरलेल्या 14 केंद्रांपैकी 60 टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस लागतो, शिवाय पश्चिमी वाऱ्याची खोली आणि ढगांचे उपग्रहमापन. जहाजाच्या वहीत पाऊस मिलिमीटरमध्ये नसतो; ‘सरीवर सरी’ एवढेच असते, आणि अशा सरी मेमधल्या वळवाच्याही असू शकतात. त्यामुळे ‘मुंबईत 11 जून’ या आजच्या सरासरी तारखेशी तिची थेट तुलना होत नाही. तुलना होते ती वाऱ्याच्या दिशेची. एखाद्या सागरी चौकोनात महिन्याच्या किती टक्के दिवशी वारा नैर्ऋत्येचा होता, हे अनेक जहाजांवरून मोजायचे. जोराचे शब्द आणि बॅरोमीटरचे दोष यांपासून ही पद्धत मोकळी आहे. स्पॅनिश संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेच्या मान्सूनचा एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जाणारा निर्देशांक असाच बांधला. एका जहाजाच्या एका रात्रीवर काही ठरत नाही. त्यातून शहाणा कप्तान ऐन पावसाळ्यात कोकण किनाऱ्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे, म्हणजे जिथे नोंदी हव्यात नेमक्या तिथेच त्या विरळ.

लेखाच्या शेवटी 6 जून 1882च्या ‘मुंबईच्या महाचक्रीवादळा’चा आणि लाखभर मृत्यूंचा उल्लेख आहे. तो यापुढे तरी छापू नये. कुलाबा वेधशाळेत 1841पासून नियमित हवामान नोंदी होत होत्या. बंदर जहाजांनी भरलेले होते. शहरात वर्तमानपत्रे निघत होती. असे वादळ या सगळ्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नाही. संशोधकांनी समकालीन कागदपत्रे तपासून ते घडलेच नव्हते असा निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध केला आहे. दर वर्षी जूनमध्ये ते पुन्हा उगवते, हा वृत्तपत्रांचा आळस.

कंपनीच्या वह्या मुख्यतः लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत; मुंबईच्या पुराभिलेखागारातही सागरी खात्याची दप्तरे आहेत. महाविद्यालयांतल्या भूगोल आणि इतिहास विभागांनी मिळून हे काम हाती घ्यायला हरकत नाही. 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ प्रकल्पात हजारो हौशी लोकांनी नौदलाच्या वह्या उतरवल्या. तिथे एकच पान तिघांकडून उतरवून घेऊन ताडून पाहत. तीच शिस्त इथेही हवी. पान दिसते तसे उतरवायचे. सागरी तारीख सागरीच ठेवायची, दुरुस्ती वेगळ्या रकान्यात. ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा ओळीने भरत न जाता खूण म्हणूनच उतरवाव्यात, कारण पान उलटले की ती खूण कशाची हे अनेकदा मूळ लेखनिकालाही ठाऊक नसे. रिकामी जागा रिकामीच राहू द्यावी, शून्य घालू नये. आणि पारा 29.8 लिहिला असेल तर त्याचा 29.80 करू नये: पहिल्यात दशांशापर्यंतच वाचले आहे, दुसऱ्यात शतांशापर्यंत वाचल्याचा दावा आहे.

आपला,
एक वाचक, अलिबाग