माना पडण्याआधीची घाई

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साठवणुकीच्या चाळीतला उन्हाळ कांदा सडला की दोष पावसाला जातो, नाहीतर बियाण्याला. बऱ्याचदा ती सड काढणीच्या आठवड्यातच ठरून गेलेली असते.

आभाळ भरून आले म्हणून कांदा झाकायला धावणे ही घाई, ती हवीच. अधीरपणा वेगळा. थांबायचे दिवस रिकामे गेले असे वाटणे, हा अधीरपणा. कांद्याचे काम तर नेमके त्याच दिवसांत चालू असते.

निम्म्या माना पडल्या, म्हणजे पात कांद्याच्या लगतच वाकून आडवी झाली, की काढणी. पाणी त्याआधी दोन आठवडे तोडलेले हवे. उपटलेला कांदा ३ ते ५ दिवस पातीसकट वावरातच ठेवायचा. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीतल्या कांद्यावर यायला हवी, नाहीतर उन्हाने चट्टे पडतात. पात वाळता वाळता मान बारीक होऊन मिटते. मग इंचभर मान राखून पात कापायची आणि कांदा १० ते १२ दिवस सावलीत सुकवायचा.

मजूर उद्या मिळतील न मिळतील, म्हणून उपटणे आणि कापणे एकाच दिवशी उरकले जाते. हिरवी पात कापली की मान ओली, उघडी राहते आणि बुरशी तिथूनच शिरते. असा कांदा दिसायला टणक, पण मान दाबली की मऊ लागतो. तो चाळीत गेला की शेजारच्यांनाही नासवतो. त्यात थर ४-५ फुटांहून उंच रचला असेल तर मधली हवा कोंडते. जोडकांदे आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) निवडून बाजूला काढायचाही कंटाळा केला जातो, ते तर टिकतच नाहीत.

युरियाचेही तेच. लागवडीला ६० दिवस उलटल्यावर कांदा फुगावा म्हणून नत्र दिले, की माना जाड होतात आणि लवकर वाळत नाहीत.

सोसायटीच्या पीककर्जाचा हप्ता भरायचा म्हणून कांदा थेट बाजारात नेणाऱ्याला कुणी अधीर म्हणू नये. ती नड आहे. पण गणपती-दसऱ्याच्या भावाची वाट पाहायची आणि सावलीतले बारा दिवस मात्र जड व्हायचे, हा हिशेब काही जुळत नाही.

आपण लासलगाव-पिंपळगावचे भाव छापता. मार्च-एप्रिलमध्ये त्याशेजारी काढणी आणि सुकवणीची एक छोटी चौकट छापावी, ही विनंती.

— एक कांदा उत्पादक, निफाड (जि. नाशिक)