बर्फाची नदी आणि आपली खाडी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

गणपती आटोपले की मंडळींबरोबर केदारनाथला जायचं ठरलं, ते बरं झालं. तोवर तिकडचा पाऊस ओसरतो आणि शिखरं मोकळी होतात. बाबांनी फोनवर विचारलं होतं की बर्फ घट्ट असून नदीसारखा वाहतो कसा. आईचा प्रश्न वेगळा होता: हिमालय वितळला तर आपल्या कोकणातल्या खाडीचं पाणी चढेल का? फोनवर दोन्हींची उत्तरं अर्धवट राहिली म्हणून लिहिते. आई, तुझं उत्तर शेवटी येईल. त्याला आधी बर्फ कळावा लागतो.

हिमनदी व्हायला नुसती थंडी पुरत नाही. सायबेरियाच्या मोठ्या भागात हाडं गोठवणारी थंडी आहे, पण हवा कोरडी, म्हणून तिथे हिमनद्या नाहीत. वर्षभरात जेवढं वितळतं त्यापेक्षा जास्त हिम साठत राहायला हवं. हिमालयाच्या पश्चिमेकडे ते हिवाळ्यातल्या पश्चिमी वाऱ्यांतून येतं. नेपाळ-सिक्कीमकडे मात्र बहुतेक हिम उन्हाळ्यात पडतं, आणि ते आणतो आपल्याकडे जूनमध्ये येतो तोच मोसमी पाऊस. म्हणून तिथे उन्हाळा थोडा जरी तापला तरी दुहेरी फटका बसतो: वितळणं वाढतं आणि हिमाऐवजी पाऊस पडतो.

ताजं हिम अगदी हलकं असतं, घनमीटरला ५० ते १०० किलो. बाकी सगळी हवा. काही दिवसांत कणांच्या नाजूक फांद्या मोडतात, कण गोल होतात आणि एकमेकांत बसतात. एक उन्हाळा तगून राहिलेल्या अशा दाणेदार थराला फर्न म्हणतात. वर नवे थर चढत जातात तसा तो दाबला जातो. घनता ८३० किलोच्या आसपास पोचली की कणांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात आणि उरलेली हवा बुडबुड्यांत अडकते. तिथून पुढे तो खरा हिमनदीचा बर्फ. बुडबुडे नसलेल्या बर्फाची घनता ९१७. वितळलेलं पाणी आत झिरपून पुन्हा गोठत असेल तिथे हे काम काही वर्षांत किंवा दशकांत होतं. अंटार्क्टिकाच्या मध्यभागी त्याला हजारो वर्षं लागतात.

थर साधारण ३० मीटरच्या पलीकडे जाडावला आणि खाली उतार असला की तो स्वतःच्या वजनाने सरकू लागतो. ही हालचाल नसेल तर तो नुसता साचलेला बर्फ. केदारनाथच्या वाटेवर घळीत मळकट बर्फाचे ढीग दिसले की घोडेवाले ‘ग्लेशियर’ म्हणून दाखवतात. बहुतेक वेळा ते हिमकडा कोसळून साचलेलं हिम असतं. त्याच्या पोटातून ओढा वाहत असतो आणि वरचं छत कधी बसेल याचा नेम नसतो. फोटोसाठी त्यावर चढू नका.

आता बाबांचा प्रश्न. बर्फ दोन तऱ्हांनी चालतो. पहिली तऱ्हा आतल्या आत. दाबाखाली बर्फाच्या स्फटिकांचे थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे घट्ट असूनही त्याचा आकार हळूहळू बदलतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्लेन यांनी १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत बर्फावर वजनं टाकून याचा नियम काढला: ताण दुप्पट केला की आकार बदलण्याचा वेग साधारण आठपट होतो. उतार तोच ठेवून जाडी दुप्पट झाली तर तळावरचा ताण दुप्पट, तिथला वेग आठपट, आणि खालपासून वरपर्यंत ही बेरीज होत जाते तेव्हा पृष्ठभागाचा वेग सोळापट. म्हणून जाड हिमनदी पळते, आणि पातळ होत चाललेली फार लवकर मंदावते.

दुसरी तऱ्हा तळाशी घसरण्याची. दाबाखाली बर्फाचा वितळणबिंदू उतरतो, हजार मीटर बर्फाखाली साधारण पाऊण अंशाने. जमिनीची ऊब आणि घर्षणाची उष्णता त्यात भर घालते. उन्हाळ्यात वरचं पाणीही भोकांतून तळाशी पोचतं. इथे पाणी किती आहे यापेक्षा त्याचा दाब किती आहे हे महत्त्वाचं. मोसमाच्या सुरुवातीला तळाच्या वाटा अरुंद असतात, पाणी तुंबतं, ते बर्फाला उचलून धरतं आणि हिमनदी वेग घेते. पुढे पाणीच वाटा रुंद करतं, दाब उतरतो आणि भर उन्हाळ्यातही ती हळू होते.

वरचे ३०-४० मीटर मात्र ठिसूळच राहतात, कारण तिथे दाब पुरेसा नसतो. ते ताणाखाली फाटतात, त्याच हिमभेगा. त्याखाली बर्फ वाहून भेग मिटवतो, म्हणून त्या अथांग नसतात. माणसाचा जीव जायला तेवढी खोली पुरते, आणि नव्या हिमाने तोंड झाकलेली भेग वरून दिसतही नाही.

वेग कसा कळला? स्वित्झर्लंडमध्ये उंटरआर हिमनदीवर तिथलेच निसर्गशास्त्रज्ञ ह्यूगी यांनी १८२७ मध्ये एक झोपडी बांधली होती. १८४१ पर्यंत ती सुमारे १,४०० मीटर खाली गेली होती. पुढे स्विस शास्त्रज्ञ आगासी यांनी त्याच हिमनदीवर आडव्या ओळीत खांब रोवले. मधले खांब कडेच्या खांबांच्या पुढे गेले, म्हणजे कडा घासतात आणि मध्य धावतो. हिमालयात बहुतेक ठिकाणी वर्षाला काही दहा मीटर एवढीच चाल असते. ग्रीनलंडमधली याकोब्सहाव्न हिमनदी २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला ४० मीटरांहून जास्त धावली. काराकोरममधल्या काही हिमनद्या वर्षानुवर्षं सुस्त असतात आणि मग एकदम सुटतात. कुतिया हिमनदी १९५३ मध्ये तीनेक महिन्यांत १२ किलोमीटर पुढे आली होती.

‘हिमनदी मागे हटली’ असं पेपरात येतं तेव्हा बर्फ उलटा चढत नसतो. तो सतत खालीच येत असतो. टोकाशी वितळणं येणाऱ्या बर्फापेक्षा जास्त झालं की फक्त टोक वर सरकतं. गोमुखाचा, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या टोकाचा, नकाशा भूवैज्ञानिक ऑडेन यांनी १९३५ मध्ये केला होता. आजचं टोक त्याच्या कितीतरी वर आहे.

नुसत्या स्वच्छ बर्फाने खडक फारसा झिजत नाही. झिजवतात ते त्याच्या तळात रुतलेले दगड. खडकाच्या भेगांत पाणी गोठतं, तुकडे सुटतात, बर्फ ते उपटून नेतो आणि त्यांनीच पुढचा खडक खरवडतो. चढाची बाजू गुळगुळीत आणि उताराची उपटलेली, खडबडीत असा उंचवटा दिसला की ती मेषशिला, आणि बर्फ कुठून कुठे गेला हे तिच्यावरून कळतं. घासून झालेलं पीठ इतकं बारीक असतं की पाण्यात तरंगत राहतं. मंदाकिनीचं पाणी दुधट दिसतं ते त्यामुळे.

नदी तळ कापते, म्हणून तिची दरी इंग्रजी ‘व्ही’सारखी होते. हिमनदी दरीचा तळ आणि बाजू दोन्ही खरवडते, तिची दरी ‘यू’सारखी. केदारनाथच्या वाटेवर हा फरक पायांना कळतो: गौरीकुंडाकडे दरी अरुंद आणि खोल, वर मंदिरापाशी एकदम रुंद मैदान. मैदानातल्या दगडांकडेही बघा. व्हाळातले गोटे गोल आणि साधारण एका मापाचे असतात, कारण वाहतं पाणी निवड करतं. बर्फ निवड करत नाही. त्याने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगात, म्हणजे हिमोढात, पिठासारखी माती आणि घराएवढी धोंड शेजारी-शेजारी पडलेली असते. दरीच्या कडेला आजच्या बर्फापेक्षा बरीच उंच, लांबलचक मातकट भिंत दिसेल. एके काळी बर्फ तिथवर होता.

याच हिमोढाने २०१३ मध्ये घात केला. चोराबारी हिमनदीच्या कडेला, हिमोढाच्या मागे एक तळं होतं. वितळलेलं हिम आणि जूनचा अवेळी मुसळधार पाऊस यांनी ते भरलं आणि १७ जूनच्या सकाळी बांध फुटून काही मिनिटांत रिकामं झालं. बाबा, उधाणाचं पाणी खारबंधाऱ्याच्या माथ्यावरून गेलं की आतल्या अंगाची माती आधी जाते आणि मग सगळा बंधारा बसतो, हे तुम्ही जाणता. हिमोढाचंही तेच. ती सैल दगडमाती असते, कधी कधी पोटात जुना बर्फही असतो आणि तो वितळला की माथा आपोआप खचतो. सिक्कीममध्ये ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटेआधी दक्षिण ल्होनाक तळं फुटलं आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. उत्तराखंडात चमोलीला फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेला पूर मात्र वेगळा. बातम्यांनी त्यालाही ‘हिमनदी फुटली’ म्हटलं, पण तिथे कडा कोसळला होता, त्यात साधारण चार भाग खडक आणि एक भाग बर्फ. कारण वेगळं असलं की उपायही वेगळा, म्हणून हा घोळ मला खटकतो.

वाटेत ओढे ओलांडायचे असतील तर सकाळी लवकर ओलांडा. रात्री वितळणं थांबतं, दुपारनंतर पाणी चढतं. मंदिर ३,५०० मीटरांच्या वर आहे, म्हणून एकदम चढू नका, खाली एक मुक्काम जास्त करा.

आता आपल्याकडे. सह्याद्रीवर गेल्या हिमयुगातही हिमनदी नव्हती, कळसूबाईसुद्धा त्यासाठी फार ठेंगणं. महाराष्ट्राला बर्फ अगदीच ठाऊक नाही असं मात्र नाही. चंद्रपूरजवळ इरई गावापाशी चुनखडीवर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता तेव्हाचे. आपला जांभा आणि त्याखालचा काळा कातळ त्यापुढे अगदी नवा.

पण खाडी बर्फाचीच देणगी आहे, दुरून मिळालेली. साधारण २१ हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर किलोमीटरांच्या जाडीचा बर्फ होता. ते पाणी समुद्रातूनच गेलेलं, म्हणून समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. किनारा पार पश्चिमेला होता. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांना तितकं खाली उतरायचं होतं, म्हणून त्यांनी आपापल्या दऱ्या खोल कापल्या. मग बर्फ वितळला. साडेचौदा हजार वर्षांपूर्वी तर पाचशे वर्षांच्या आत समुद्र १५-२० मीटर चढला. सुमारे ७ हजार वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीजवळ आला आणि त्या दऱ्यांत शिरला. वाशिष्ठीत भरती चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते ती या बुडालेल्या दरीतून. खाडीवर पूल बांधताना खांबांचे पाये चिखलातून खूप खोल नेऊन खडकाला टेकवावे लागतात, कारण जुनी दरी गाळाने भरली आहे.

नॉर्वेतल्या खाड्या दिसायला तशाच, पण त्या स्वतः बर्फाने कोरल्या. सोग्नेफ्योर्ड २०५ किलोमीटर लांब आणि आत १,३०० मीटर खोल, तोंडाशी मात्र दोनशे मीटरही नाही, कारण तिथे बर्फ पसरून पातळ झाला होता आणि त्याला खोल कोरता आलं नाही. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी उथळ असतं ते लाटांनी आणलेल्या वाळूच्या दांड्यामुळे.

आई, तुझं उत्तर. तरंगणारा बर्फ वितळून समुद्र जवळजवळ चढत नाही, तो आधीच पाण्यात आपली जागा व्यापून असतो. मोजायचा तो जमिनीवरचा. हिमालय, काराकोरम, तिबेटकडचे डोंगर सगळे धरून सुमारे ७ हजार घन किलोमीटर बर्फ आहे. तो सारा संपला तरी समुद्र दोन सेंटिमीटरसुद्धा चढणार नाही. तो संपला तर हाल होतील ते तिकडच्या नद्यांचे आणि त्यांवर जगणाऱ्यांचे. ग्रीनलंडच्या बर्फात मात्र समुद्राची सात मीटरांहून जास्त वाढ साठलेली आहे आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात सुमारे ५८ मीटर. शिवाय ग्रीनलंडचा बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने समुद्राला स्वतःकडे ओढून धरतो. तो घटला की जवळचं पाणी उतरतं आणि आपल्यासारख्या लांबच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा थोडं जास्त चढतं. १९९३ पासून जगभरचा समुद्र सरासरी १० सेंटिमीटरच्या आसपास चढला, आताचा वेग वर्षाला चारेक मिलिमीटर. त्यात तापून फुगलेल्या पाण्याचाही मोठा वाटा आहे.

तेव्हा बाबा, शेताच्या बंधाऱ्याची चिंता करताना केदारनाथच्या बर्फाकडे बघून उपयोग नाही. दहा सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण बंधाऱ्याचा माथा सर्वांत मोठ्या उधाणाच्या हातभरच वर असेल तर त्या हाताचा पाचवा भाग गेला. उघाडीजवळच्या (बंधाऱ्यातल्या पाण्याच्या दारापाशी) चिऱ्याच्या खांबावर दरवर्षी मोठ्या उधाणाच्या पाण्याची रंगाने खूण करा, तारखेसह. वादळाचं किंवा पुराचं पाणी असेल तर तसं लिहा, ते वेगळं धरायचं. आणि माती चढवायची ती मेपर्यंत, खेकड्यांची बिळं बुजवून झाल्यावर. बिळं तशीच ठेवून उंची वाढवली तर पाणी खालून जातं.

औषधांची यादी आणि गरम कपड्यांचं पुढच्या पत्रात.

तुमची,
लेक