मंत्री महोदय, सुजेचे वजन कोणाच्या खात्यावर मांडायचे?

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या आठवड्यात माझ्या दीड वर्षाच्या नातीला पोषण पुनर्वसन केंद्रातून उपचार अर्धवट असतानाच घरी पाठवण्यात आले. "सूज उतरली, आता घरीच खाऊ घाला," एवढेच सांगितले गेले. दाखल करताना तिच्या आईला बुडीत मजुरी देण्याचे जे आश्वासन मिळाले होते, त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

या सुजेनेच आमचा घात केला. वाळलेले मूल कोणीही ओळखतो, पण अंगात पाणी साचले की गाल भरल्यासारखे दिसतात आणि काट्यावर वजनही बरे येते, त्यामुळे नात कागदोपत्री 'साधारण' श्रेणीतच राहिली. पावलावर अंगठा दाबून खळगा पडतो का, हे पाहायला कोणते यंत्र लागते? सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दोन्ही पावलांवर अशी सूज असेल, किंवा दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित धरावे, हा निकष मला निवृत्त शिक्षकाला ठाऊक आहे. आपल्या यंत्रणेलाही असावा.

सूज ओसरणे हा उपचाराचा पहिला टप्पा. त्यात रक्तातील साखर आणि अंगाची ऊब सांभाळायची, प्रतिजैविके द्यायची आणि एफ-७५ हे दूध दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पाजायचे असते; या काळात एकदम भरपेट अन्न किंवा लोहाचे औषध दिल्यास ते जिवावर बेतू शकते. भूक परतल्यावर एफ-१०० हे अधिक कसदार दूध सुरू होते आणि तेव्हा कुठे अंग धरू लागते. नेमक्या त्याच वेळी आम्हाला खाट रिकामी करायला सांगितले. घरी नागलीची भाकर आणि पातळ आमटी आहे. सून केंद्रात थांबली म्हणून दिंडोरीच्या द्राक्षबागेतील तिचे काम गेले, मुकादमाची उचल तशीच अंगावर आहे, आणि रात्रभर रडणाऱ्या नातीला खांद्यावर घेऊन मी म्हातारा ओटीवर फेऱ्या मारतो. हे दुखणे आपल्या कोणत्या रकान्यात बसते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०.९ टक्के बालके उंचीच्या मानाने अतितीव्र कमी वजनाची असल्याचे नोंदवले. आपल्या भाषणांत मात्र कुपोषण दरवर्षी हटते. शेजारच्या जव्हारमधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये राज्य हादरले होते. त्यानंतर योजनांची नावे बदलली, फलक बदलले. पेठ-सुरगाण्यातून बागांवर मजुरीला जाणाऱ्या मुलांची नोंद मात्र अजूनही गावातल्या वहीत आणि मूल दुसऱ्याच शिवारात असते. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकला पैसा कमी पडणार नाही, असे ऐकतो. आनंद आहे. त्यातून एक खाट आणि दुधाची काही पाकिटे वाचली, तर इकडे पाठवावीत.

नातीला पुन्हा दाखल करून उरलेले उपचार पूर्ण करावेत, सुनेची बुडीत मजुरी द्यावी आणि अर्धवट घरी पाठवण्याचा आदेश कोणी दिला, हे लेखी कळवावे. चौकशी समिती नको. तिच्या अहवालापूर्वी नात शाळेत जाऊ लागेल, अशी माझी आशा आहे.

आपला,
एक आजोबा, तालुका पेठ, जिल्हा नाशिक